मनांतील खोट आणि चव्हाट्यावरचा पुरावा

संक्रांतीच्या सुमारास जळगांवच्या बाजारांत 'मेहरूणचीं बोरें' अशी आरोळी ऐकूं येऊं लागते. आमचें मेहरूण आतां शहरांत सामावून गेलें आहे, आणि त्या आरोळीखालीं विकलीं जाणारीं सर्वच बोरें मेहरूणच्या झाडांचीं असतात असें शपथेवर सांगण्यास आम्ही तयार नाहीं. तथापि नांवाचा महिमा असा कीं, तें कानीं पडतांच गिऱ्हाईक थांबतें व पिशवी पुढें करितें. असें गांवाचें नांव कोणा एकट्याच्या मालकीचें होऊं शकत नाहीं. मालाचें उत्पत्तिस्थान दाखविणारें नुसतें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यास कायद्याच्या ९ व्या कलमाचा सहसा अडथळा असतो. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास व भरिताच्या वांग्यास जें भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचाहि लाभ त्या प्रदेशांतील सर्वच उत्पादकांसाठीं आहे. परंतु घराण्याचें, आजीचें, किंवा घरच्या सुनांनीं चार पैसे मिळविण्यासाठीं पाकिटावर छापलेलें नांव ही निराळी गोष्ट होय. त्यास एक धनी असतो, आणि धनी असतो तेथें धन्याच्या झोंपेची वाट पाहणाराहि असतो.

ह्या सदराच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. खानदेशांतील एका एकत्र कुटुंबांतील त्या सूनबाई. सासूबाईंनीं बावीस वर्षांपूर्वीं भाजणी, मेतकूट व गोडा मसाला करून विकण्यास आरंभ केला, आणि माहेरचें आपलें लाडकें नांव पाकिटावर घातलें. पुढें शहरांतील एक दुकानदार घाऊक माल घेऊं लागला. तोहि व्यवहार चौदा वर्षें चालला. गतवर्षीं हिशेबावरून तंटा झाला, माल देणें बंद झालें, आणि आतां कळतें कीं, त्याच नांवाच्या नोंदणीसाठीं दुकानदारानें स्वतःच्या नांवें अर्ज केला असून तो व्यापारचिन्ह पत्रिकेंत प्रसिद्धहि झाला आहे. "त्याच्या मनांत खोट आहे हें आम्हांस ठाऊक आहे, पण मन उघडून दाखवावयाचें कसें?" असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या थोरल्या दिरांचें म्हणणें असें कीं, तो मनुष्य लबाड आहे हें साऱ्या गांवास माहीत असल्यानें पुरावा निराळा लागतच नाहीं. दिरांचा राग आम्हांस समजतो. मात्र निबंधकाच्या दप्तरांत साऱ्या गांवास बसण्यास जागा नसते.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ज्यांस बाजारांत सर्रास ट्रेडमार्क म्हणतात त्यांच्या, नोंदणीचा पहिला कायदा १९४० सालचा. तो १९४२ पासून अमलांत आला. त्याची जागा १९५८ च्या कायद्यानें घेतली, आणि सध्यांचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्याच्या ११ व्या कलमाच्या दहाव्या पोटकलमांत निबंधकास आज्ञा आहे कीं, अर्जाचा व त्यावरील हरकतीचा विचार करितांना चिन्हाच्या हक्काशीं निगडित असलेला असद्भाव ध्यानांत घ्यावा. मग तो अर्जदाराचा असो वा हरकतदाराचा. वाचकांनीं शेवटचे शब्द विसरूं नयेत. हरकत घेणाराहि खोट्या बुद्धीचा असूं शकतो हें कायद्यानें गृहीत धरिलें आहे. १८ वें कलम म्हणतें कीं, अर्ज करावयाचा तो आपण चिन्हाचे धनी आहों असा दावा करणाऱ्यानेंच. दुसऱ्याचा माल विकणारा त्या मालाच्या नांवाचा धनी कसा, हा प्रश्न ह्या कलमाखालीं सरळ विचारतां येतो.

असद्भाव म्हणजे काय, ह्याची व्याख्या मात्र आपल्या कायद्यांत नाहीं. विलायतेंत १९९९ च्या सुमारास एका न्यायाधीशांनीं असें म्हटलें कीं, त्यांत उघड अप्रामाणिकपणा तर येतोच. परंतु त्या त्या धंद्यांतील समंजस व अनुभवी माणसें ज्यास शोभणारें वर्तन मानतात त्याहून खालच्या पायरीचें वर्तनहि येतें. हें माप आम्हांस पटतें. मसाल्याच्या धंद्यांत काय शोभतें हें मसाल्याच्या व्यापाऱ्यांस विचारावें, वकिलास विचारून उपयोग नाहीं.

आतां पुरावा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. लेख, उपभोग आणि साक्षीदार. इतक्या शतकांनंतर व्यापारचिन्हांच्या वादांत हींच तीन प्रमाणें नव्या वेषांत उभीं राहतात हें पाहून आम्हांस मौज वाटते. नोंदणीचें प्रमाणपत्र हें लिखित. बाजारांतील प्रत्यक्ष वापर ही भुक्ति. दोहोंत श्रेष्ठ कोण, ह्याचा एक गोड निकाल तिरुनेलवेलीच्या हलव्याचा आहे. तेथें 'इरुट्टुकडै', म्हणजे अंधाऱ्या दुकानाचा, हलवा १९०० सालापासून प्रसिद्ध. दुसऱ्या एकानें तेंच नांव वापरलें व आपल्या चिन्हाची नोंदणीहि दाखविली. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं सांगितलें कीं, आधींपासून वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्काहून वरचढ आहे. तेव्हां आमच्या पत्रलेखिकेनें आजवर नोंदणी केली नाहीं म्हणून तिचा हक्क बुडाला असें मुळींच नाहीं.

परंतु वापर आधींचा असणें निराळें, आणि समोरच्याचा हेतु वाईट असणें निराळें. हेतु हा मनांत राहतो. तो प्रत्यक्ष दिसत नाहीं, अनुमानानें काढावा लागतो. नैयायिकांचा डोंगरावरचा धूर येथें उपयोगीं पडतो. अग्नि दिसत नाहीं, धूर दिसतो; मात्र धूर म्हणून जें दाखवाल तें धुकें नसावें. आरोप गंभीर असल्यामुळें तो सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो, आणि माणूस प्रामाणिक आहे असें धरूनच चौकशी सुरू होते.

पुष्कळांस वाटतें कीं, 'त्यास आमचें नांव ठाऊक होतें' एवढें दाखविलें म्हणजे झालें. तसें नाहीं. युरोपांत सोनेरी कागदांत गुंडाळलेल्या, गळ्यांत तांबडी फीत व घंटा बांधलेल्या चॉकलेटच्या सशावरून मोठा खटला झाला. तेथील न्यायालयानें २००९ सालीं ठरविलें कीं, दुसरा तसें चिन्ह वापरीत आहे हें माहीत असणें तेवढ्यानें असद्भाव सिद्ध होत नाहीं. अर्ज करितांना हेतु काय होता, हें सर्व परिस्थिति जमेस धरून पाहावें. आणि काळहि तोच: अर्जाच्या दिवशींचें मन. नंतरचें वर्तन पाहावयाचें तें त्या दिवशींच्या मनावर प्रकाश टाकण्यापुरतें.

मग धूर कोणता? एक तर पूर्वसंबंध. झुरळें मारण्याच्या 'लक्ष्मणरेखा' ह्या खडूचा खटला सर्वोच्च न्यायालयांत २००४ सालीं निकालांत निघाला. 'मॅजिक लक्ष्मणरेखा' काढणारा प्रतिवादी पूर्वीं वादींकडेच काम केलेला. आणि वेष्टनाचे रंगहि जवळजवळ तेच. असेंच नांव व असेच रंग कां निवडले, ह्याचा समाधानकारक खुलासा नाहीं. चिन्हाचा स्वीकारच अप्रामाणिक असल्याचें सकृद्दर्शनीं दिसत असेल तर मनाई झाली पाहिजे, आणि वादी उशिरां आला एवढ्यानें ती अडत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. दिल्ली उच्च न्यायालयानें २०२३ सालीं परदेशी पौष्टिक पुडीच्या नांवाची येथल्याच एकानें आपल्या नांवें केलेली नोंदणी असद्भावाच्या कारणानें रद्द केली.

दुसरा धूर म्हणजे योगायोगांची रास. ब्राझीलचा नेमार नांवाचा फुटबॉलपटु युरोपांत खेळावयास येण्यापूर्वीं, २०१२ च्या डिसेंबरांत, पोर्तुगालमधील एका गृहस्थानें 'नेमार' हें नांव कपड्यांसाठीं नोंदविण्याचा अर्ज केला. आपण तें केवळ नादमधुर म्हणून निवडलें, खेळाडूचा विचार मनांत नव्हता, असें त्यानें सांगितलें. नादमाधुर्याचा हा शोध कोणीं खराहि मानला असता. पण त्याच दिवशीं त्याच गृहस्थानें 'इकर कासियास' ह्या स्पेनच्या नामांकित गोलरक्षकाच्याहि नांवाचा अर्ज केला होता! २०१९ च्या मे महिन्यांत युरोपीय न्यायालयानें ती नोंदणी बाद ठरविणारा निर्णय कायम केला. एकटा धूर कदाचित् कोणाच्या चुलीचा असेल. दोन ठिकाणीं एकाच वेळीं धूर निघाला कीं, कोणी आग लावीत आहे असें म्हणावें लागतें. म्हणून हरकत घेणाऱ्यानें त्या अर्जदारानें आणखी कोणाकोणाच्या नांवांचे अर्ज केले आहेत तें निबंधकाच्या दप्तरांत अवश्य पाहावें. तें दप्तर संगणकावर सर्वांस खुलें आहे, आणि शोधण्यास पैसे पडत नाहींत.

आतां दुसरी बाजू, जी दिरांस आवडणार नाहीं. 'अमृतधारा' हें औषध बहुतेक घरांच्या फडताळांत असे. 'लक्ष्मणधारा' नांवाच्या तशाच औषधाच्या मालकानें १९५० सालीं नोंदणी मागितली. अमृतधारावाल्यांनीं हरकत घेतली. उच्च न्यायालय म्हणालें, एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची धारा. अर्थ भिन्न, घोटाळा कशाचा? सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं हें अमान्य केलें. सामान्य गिऱ्हाईक समास सोडवून व्युत्पत्ति पाहत बसत नाहीं; त्याच्या कानांत नांवाची एकंदर घडण व नाद अर्धवट राहतो, आणि त्या दृष्टीनें हीं नांवें सारखीं आहेत. आयुष्यभर मुलांकडून षष्ठीतत्पुरुष सोडवून घेतलेल्या आमच्यासारख्यास हा निकाल वाचून थोडा विषाद झाला, तरी तो खरा आहे. औषधाच्या दुकानांत पोटदुखीनें वांकलेला मनुष्य विग्रह करीत नाहीं. पण गोष्ट येथें संपत नाहीं. नांवें सारखीं ठरूनहि लक्ष्मणधारेस उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण ती १९२३ पासून प्रामाणिकपणें विकली जात होती, आणि अमृतधारावाले तें जाणूनहि वर्षानुवर्षें मूग गिळून बसले होते.

पुण्याच्या 'बर्गर किंग' उपाहारगृहाची हकीकत तर अलीकडचीच. अमेरिकेंतील त्या नांवाची प्रचंड कंपनी १९५४ पासूनची, व तिची हिंदुस्थानांतील नोंदणीहि जुनी. परंतु तिचें येथलें पहिलें दुकान उघडलें २०१४ सालीं. पुण्याचें उपाहारगृह मात्र १९९० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांपासून त्या नांवानें चाललेलें. २०११ सालीं कंपनीनें दावा केला. २०२४ च्या जुलैंत पुण्याच्या जिल्हा न्यायालयानें तो फेटाळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें अपील चालू असेतों नांव वापरण्यास मनाई केली, आणि २०२५ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईसच स्थगिति दिली. कोण जिंकेल हा प्रश्न आम्ही येथें घेत नाहीं. एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, नांव सारखें आहे व फिर्यादी जगप्रसिद्ध आहे, ह्यावरून लहान दुकानदाराची बुद्धि वाईट होती असें आपोआप सिद्ध होत नाहीं.

ह्या कसोट्यांवर सूनबाईंचें प्रकरण घांसून पाहूं. त्यांच्या पत्रांत दोन गोष्टी आमच्या नजरेंत भरल्या, आणि मौज अशी कीं, त्यांनीं जी क्षुल्लक म्हणून एका ओळींत उरकली तीच मोलाची आहे. अर्जांत दुकानदारानें 'आपण अमुक सालापासून हें नांव वापरीत आहों' असें लिहिलें आहे. त्या सालीं, सूनबाई म्हणतात, त्याची आमच्या घराशीं ओळखहि नव्हती. हा खरा धूर! १९९९ च्या कायद्याखालील २०१७ च्या नियमांप्रमाणें पूर्वीपासूनच्या वापराचा दावा करणाऱ्यास शपथपत्र व कागद जोडावे लागतात. तें शपथपत्र काढून पाहावें. जोडलेलीं बिलें कोणाचीं आहेत? सूनबाईंनींच त्यास दिलेलीं तर नाहींत? तसें निघालें तर दुसरा पुरावा शोधण्याचे श्रम बरेच वांचतील.

दुसरी गोष्ट त्यांनीं भीत भीत लिहिली आहे. गेलीं पांच वर्षें पाकिटावर सासूबाईंच्या नांवाखालीं त्या दुकानाचा पत्ता छापला जात होता, आणि तो घरच्यांनींच छापूं दिला. दिरांचा सल्ला असा कीं, ही गोष्ट हरकतींत लिहूंच नये. आमचें मत अगदीं उलट आहे. दुकानदार तीं पाकिटें पहिल्याच दिवशीं पुढें ठेवील, आणि मग लपविणाऱ्याचीच बुद्धि संशयास्पद ठरेल. वर सांगितलेले 'वा हरकतदाराचा' हे शब्द तेव्हां आठवतील. आपणच ती गोष्ट आधीं लिहावी, व ती कशी घडली तेंहि लिहावें. सूनबाईंच्या मोबाइलमध्यें दुकानदाराचा जुना निरोप आहे, 'आमच्या दुकानाचा पत्ता पाकिटावर छापूं द्याल का? विक्री वाढेल.' जो परवानगी मागतो तो समोरच्याचें धनीपण कबूल करितो. घरच्यांस जो कागद घातक वाटला, त्याच्या शेजारीं हा निरोप ठेवला म्हणजे तोच त्यांच्या बाजूनें बोलूं लागतो. मात्र असा निरोप नुसता कागदावर उतरवून चालत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें त्यासोबत ठराविक प्रमाणपत्र लागतें. मोबाइल जुना झाला म्हणून नातवंडांच्या हातीं खेळावयास देऊं नये.

बाकीचा पुरावा घरांतच असेल. सासूबाईंचा रोजमेळ, छापखान्याचीं वेष्टनांचीं बिलें, अन्नपरवाना, दुकानदारास माल पाठविल्याच्या पावत्या व त्यावरील त्याच्या सह्या. साक्षीसाठीं घरचीं माणसें पुरेशीं नाहींत. आपल्या घरासाठीं आपलें माणूस काय सांगणार तें सर्वांस ठाऊक असतें. ज्या छापखान्यानें बावीस वर्षांपूर्वीं पहिलें वेष्टन छापलें त्याचा चालक, किंवा त्या दुकानदाराच्या आधींपासून माल घेणारा दुसरा एखादा दुकानदार, ह्यांचीं शपथपत्रें शंभर नातेवाइकांहून जड आहेत. 'लबाड', 'हरामखोर' हे शब्द शपथपत्रांत नकोत. तारीख, कागद आणि सही एवढेंच असावें.

कायद्यांत १४६ वें कलम आहे, तें धन्याच्या प्रतिनिधीनें परवानगीविना स्वतःच्या नांवें नोंदणी मागितली तर धन्यास हरकतीचा व दुरुस्तीचा हक्क देतें. परंतु तें नोंदणीकृत चिन्हाच्या धन्यापुरतें बोलतें. सासूबाईंचें नांव नोंदलेलें नसल्यानें ह्या कलमावर विसंबूं नये. १८ वें कलम, पूर्वींचा वापर आणि ११ व्या कलमांतील असद्भाव ह्यांवरच इमारत उभी करावी. आणि हरकतीच्या नोटिशींतच हीं कारणें तपशीलवार मांडावीं. 'अर्जदाराची बुद्धि वाईट आहे' असें मोघम लिहून पुढें केव्हां तरी खुलासा करूं म्हटलें तर तें चालत नाहीं.

घरांतील एका गोष्टीकडेहि लक्ष वेधतों. हें नांव कोणाचें? सासूबाईंचें, त्यांच्या सुनांचें, कीं आतां मध्यें पडलेल्या दिरांचें? पत्रावरून दिसतें कीं, बावीस वर्षें चुलीपाशीं ज्या उभ्या होत्या त्यांच्या नांवाचा एकहि कागद नाहीं. बँकेचें खातें दिरांचें, परवानाहि दिरांचा. दुकानदाराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. त्या प्रश्नाचें उत्तर सासूबाई हयात व शुद्धींत असतां, त्यांच्या समक्ष, लेखी ठरवून घ्यावें. त्यांचें स्वतःचें शपथपत्र सर्वांत आधीं तयार व्हावें. वय ऐंशीच्या घरांत आहे असें सूनबाई लिहितात. नंतर त्याच नांवानें घरचाहि अर्ज दाखल करावा. संगणकावरून केल्यास एका वर्गाच्या मालासाठीं व्यक्तीस ४,५०० रुपये शुल्क पडतें, व हरकतीस २,७०० रुपये.

राहिली मुदत. अर्ज पत्रिकेंत प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आंत हरकत दाखल व्हावी लागते, आणि ही मुदत निबंधक वाढवून देत नाहींत. हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदारानें उत्तर दिलें नाहीं तर त्याचा अर्ज सोडून दिला असें मानतात. उत्तर मिळाल्यापासून दोन महिन्यांत हरकतदारानें पुरावा दिला नाहीं तर त्याची हरकतच सोडली असें धरतात. निबंधकाच्या निर्णयावर २०२१ पासून अपील उच्च न्यायालयाकडे जातें. सूनबाईंनीं पत्रासोबत अर्जाची प्रत जोडली आहे, परंतु तो पत्रिकेच्या कोणत्या अंकांत आला तें त्यावर नाहीं. पत्रिका दर सोमवारीं निघते. दिरांशीं पुढील चर्चा करण्यापूर्वीं त्यांनीं त्या अंकाची तारीख शोधून भिंतीवरच्या कालनिर्णयावर चार महिन्यांचा शेवटचा दिवस तांबड्या शाईनें खुणावून ठेवावा.